अडीच विसा, साडेतीन भाषा

महाराष्ट्राला साडेतीन या आकड्याचं पूर्वापार वेड आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. स्कँडिनेव्हियात भाषा किती, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक हाच आकडा सांगतो. डॅनिश एक, स्वीडिश एक, नॉर्वेजियन एक आणि वर एक अर्धी. अडचण एवढीच, की आपल्या शहाण्यांतला अर्धा कोण हे ठरलेलं आहे. नाना फडणवीस तलवारीचे नव्हते, म्हणून त्यांची अर्ध्यावर बोळवण झाली. तिकडे अर्धी भाषा कोणती, यावर नॉर्वेत दीडशेहून जास्त वर्षं वाद चालू आहे, आणि तो मिटावा असं कुणालाच मनापासून वाटत नाही.

स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. चर्चगेटपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत लोकलच्या आवाक्यात राहतात, साधारण तेवढी माणसं. त्यांच्या भाषा इतक्या सख्ख्या, की ओस्लोचा वाचक कोपनहेगनचं वर्तमानपत्र फारसा न अडखळता वाचतो. तरी शब्दकोश वेगळे, शुद्धलेखनाच्या समित्या वेगळ्या, आणि शेजारी आपली भाषा कशी बिघडवतो याचे विनोदही ज्याचे त्याचे वेगळे. व्याकरण जवळपास तेच, शब्द बरेचसे तेच, जुने देव तेच, हेरिंग मासाही तोच. मग एवढं भांडायला उरतं काय? माझा अंदाज असा, की या मंडळींना घरातल्या ज्या गोष्टीवरून भांडायचं असतं ती उघड बोलायची चोरी, म्हणून ते भाषेवरून भांडून घेतात. भांडण झालं की मतदान करतात आणि कॉफी पितात.

वाटेतली दोन झुडपं आधी बाजूला करू. पहिलं, हुग आणि लागोम या सुखी जगण्याच्या कल्पना. सुखी कसं राहावं हे मेणबत्त्या लावून शिकवणारी पुस्तकं कुठल्याही विमानतळावर मिळतात, ती तिथेच राहू देत. दुसरं, फिनलंड. फिनिश भाषेचं कूळच निराळं, तिचं या सोयऱ्यांशी रक्ताचं नातं नाही. पण गंमत अशी, की फिनलंडमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास लोक स्वीडिश बोलतात आणि तिथे स्वीडिशला शंभरेक वर्षं राष्ट्रभाषेचा अधिकृत दर्जा आहे. खुद्द स्वीडनमध्ये तो नव्हता! स्वीडननं २००० साली सामी, फिनिश, मेन्किएली, रोमानी आणि यिद्दिश या पाच भाषांना अल्पसंख्याकांच्या भाषा म्हणून मान्यता दिली आणि स्वतःच्या भाषेचं नाव कायद्यात घालायचं राहून गेलं. २००५ साली संसदेत कुणीतरी म्हणालं, आता घालू या. मतं पडली १४५ विरुद्ध १४७. म्हणजे स्वीडनच्या संसदेत स्वीडिश भाषा दोन मतांनी पडली. अखेर २००९ साली तिला ‘मुख्य भाषा’ असा कायदेशीर दर्जा मिळाला. अभिजात दर्जासाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं. स्वीडिश माणसाला मात्र आपली भाषा आपली आहे हे कागदावर लिहून घेण्याची घाईच नव्हती.

आता डॅनिश. ही भाषा कागदावर दिसते एक आणि कानावर पडते दुसरीच. नॉर्वेजियन आणि स्वीडिश लोक म्हणतात, डॅनिश माणूस घशात गरम बटाटा ठेवून बोलतो. शब्द नीट सुरू होतो, मधली व्यंजनं विरघळतात, शेवटचा स्वर आवंढ्याबरोबर पोटात जातो आणि समोरच्याला मिळतो तो निव्वळ हेतू. नॉर्वेच्या दूरचित्रवाणीवर एक प्रहसन चांगलंच गाजलं. त्यात डॅनिश लोकांना एकमेकांचंही कळेनासं झालेलं असतं. दुकानदार आणि गिऱ्हाईक काहीतरी अगम्य पुटपुटतात आणि भलत्याच वस्तूची खरेदी-विक्री पार पडते. डॅनिश लोकांनीही ते हसून पाहिलं. पण विनोद अगदीच हवेतला नव्हता. डॅनिश संशोधकांनीच दाखवून दिलंय, की त्यांची तान्ही मुलं शब्द ओळखायला इतर भाषांतल्या मुलांपेक्षा थोडी उशिरा शिकतात. कारण एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याचा पत्ता आईबापांच्या बोलण्यातून लवकर लागत नाही. पुढे मुलं बरोबरी गाठतात. मोठी झाली की तीही व्यंजनं गिळू लागतात आणि परंपरा शाबूत राहते.

डॅनिश आकडे हा तर स्वतंत्र प्रांत, आणि तिथे शेजाऱ्यांची गाडी रुततेच रुतते. मराठी माणसाला मात्र त्या प्रांतात पाऊल ठेवताच माहेरी आल्यासारखं वाटेल. डॅनिशमध्ये पन्नासला जो शब्द आहे त्याच्या पोटात हिशेब दडलेला आहे : तिसरा अर्धा, गुणिले वीस. तिसरा अर्धा म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला निम्मा. आपण त्याला अडीच म्हणतो, आणि हा अडीच संस्कृत ‘अर्धतृतीय’ वरूनच घरंगळत आला आहे. तेव्हा पन्नास म्हणजे अडीच विसा. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. सत्तर? चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन विसा. ज्यांनी लहानपणी औटकीचे पाढे घोकले असतील त्यांनी सरळ ‘औट विसा’ म्हणावं. नव्वद म्हणजे साडेचार विसा. बाजाराच्या दिवशी विसा-विसानं हिशेब करणारी जुनी माणसं कोपनहेगनच्या मंडईत उभी केली, तर भाषा येवो न येवो, मोड चोख परत घेतील. इकडे स्टॉकहोमहून आलेला स्वीडिश माणूस, ज्याच्या आजोबांचे आजोबा या लोकांशी लढले, तो बिलाचा आकडा ऐकून मुकाट्यानं कार्ड पुढे करतो. शेजाऱ्यांची सोय म्हणून डेन्मार्कनं पन्नासच्या नोटेवर काही काळ सोपा दशमान शब्द छापूनही पाहिला. नोट खपली, शब्द खपला नाही.

नॉर्वेनं या बाबतीत जे केलं ते वाचताना मला बालभारतीची आठवण होणं अपरिहार्य होतं. पूर्वी नॉर्वेजियन लोक बावन्नला ‘दोन आणि पन्नास’ म्हणत. आपलंही तसंच : बा आधी, वन्न नंतर. टेलिफोन आले, नंबर लांबले, जोडीजोडीनं सांगितले जाऊ लागले आणि ऐकणाऱ्याच्या हातून आकडे उलटेपालटे होऊ लागले. टेलिफोन खात्यानं सरकारकडे गाऱ्हाणं नेलं. संसदेनं ठराव केला आणि जुलै १९५१ पासून संपूर्ण देशानं ‘पन्नास दोन’ म्हणायचं ठरलं. एखाद्या देशानं टेलिफोनच्या सोयीसाठी आपले आकडे फिरवून घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. शाळांनी शिकवलं, नभोवाणीनं उच्चारलं. आज सत्तरहून जास्त वर्षं झाली. नॉर्वेजियन माणूस टेलिफोन नंबर नव्या पद्धतीनं सांगतो आणि वय जुन्या पद्धतीनं. कधी कधी एकाच वाक्यात दोन्ही.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावन्न’च्या सोबतीला ‘पन्नास दोन’ हे वाचन दिलं, कारण मुलांना जोडाक्षरांचे आकडे अवघड जातात. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे कारणं समजावत राहिल्या. बाकी महाराष्ट्र शांत नव्हता. विधानसभेत विरोधी बाकांवरून मुख्यमंत्र्यांच्या फडणवीस या आडनावाचीही दशक-एकक अशी फोड करून झाली. आपण हा प्रश्न चार दिवसांत हसण्यावारी नेला. नॉर्वेनं ठराव केला, तो आज्ञाधारकपणे पाळला आणि सोयीस्करपणे मोडलाही. एकच सुधारणा दोन देशांत निघाली आणि दोन्हीकडे आजीच जिंकली. आकडे घरात शिकले जातात, तिथे संसदेला प्रवेश नाही.

स्वीडनचं दुखणं आकड्यांचं नव्हतं, हुद्द्यांचं होतं. आज तिथे शाळकरी पोर मुख्याध्यापकाला नावानं हाक मारतं, आणि पुण्याहून स्टॉकहोमला गेलेल्या इंजिनीअरची पहिल्याच मीटिंगमध्ये जीभ टाळूला चिकटते. साहेबाला ‘एरिक’ म्हणायचं, आणि तेही तोंडावर? तो बिचारा आठवडाभर कुठलंही नाव न घेता, खाकरून, लक्ष वेधून काम भागवतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं, की बाबा रे, १९६०च्या दशकापर्यंत सगळा स्वीडन असाच खाकरत होता.

कारण स्वीडिशमध्ये समोरच्याला काय म्हणावं हा प्रश्न सुटता सुटत नव्हता. ‘दू’ म्हणजे आपला ‘तू’. तो घरात आणि मित्रांत. ‘नी’ म्हणजे ‘तुम्ही’. पण तो मानाचा राहिला नव्हता. ज्याला सांगण्यासारखा हुद्दा नाही अशा माणसाला ‘नी’ म्हणत, त्यामुळे ‘नी’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी. मग उरला हुद्दा. ‘संचालकसाहेब कॉफी घेणार का?’ असं संचालकसाहेबांनाच विचारायचं, जणू ते शेजारच्या खोलीत आहेत. पुढच्या वाक्यात पुन्हा संचालकसाहेब, त्याच्या पुढच्यातही. टेलिफोन डिरेक्टरीत नावाबरोबर हुद्दा छापलेला. बायकोला नवऱ्याचा हुद्दा चिकटायचा : प्राध्यापकाची बायको ‘प्राध्यापकीण’. डॉक्टरीणबाई आणि पाटलीणबाई पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना यात नवल नाही. नवल पुढे आहे. समोरच्याचा हुद्दा माहीत नसला तर? तर कर्ता वाक्यातून हाकलायचा. ‘कॉफी प्यायली जाणार का?’ ‘कुठे जायचं होणार?’ अशी कर्मणी आणि भावे प्रयोगांची नुसती पंगत उठायची. नवी सून सासऱ्यांना थेट विचारायच्या संकोचानं ‘पान वाढायचं का?’ म्हणते, तसा सगळा देश एकमेकांचा सासरा झाला होता.

१९६७ साली ब्रूर रेक्सेद नावाचे डॉक्टर देशाच्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले. त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगून टाकलं, मी सर्वांना नावानं हाक मारणार आणि ‘दू’ म्हणणार, तुम्हीही मला तसंच म्हणा. हा बदल त्यांनी एकट्यानं घडवला असं नव्हे. कारखान्यांत, कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत तो आधीच झिरपत होता आणि समतेचं वारं जोरात होतं. पण नाव पडलं ते त्यांचं. बघता बघता सगळा देश एकेरीवर आला, आणि कुणी कुणाची कॉलर धरली नाही. आपल्याकडे संभाषण एकेरीवर आलं की पोलीस येतात. तिकडे लोकशाही आली.

अपवाद एकच ठेवला : राजा. त्याला अजूनही ‘राजेसाहेब काय म्हणतात?’ असं राजेसाहेबांनाच विचारायचं. देशभरातली सगळी जुनी अवघडलेली वाक्यं गोळा करून त्या एका माणसाच्या वाट्याला दिली आहेत. पुढची गंमत तर आणखी बहारदार. गेल्या काही दशकांत तरुण वेटर आणि दुकानातल्या पोरी गिऱ्हाइकाला पुन्हा ‘नी’ म्हणू लागल्या. त्यांना वाटतं हे फार अदबीचं. समोरच्या आजीबाई भडकतात, कारण त्यांच्या तरुणपणी ‘नी’ मोलकरणीला म्हणत. एक पिढी नम्र होते आणि दुसरीला तो अपमान वाटतो. भाषेत सुधारणा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : शब्द मरतात, पण त्यांनी कुणाला कधी दुखवलं होतं त्याची नोंद आजीबाईंकडे असते.

स्वीडिश लोकांचा धीर पाहायचा तर त्यांच्या अकादमीचा महाशब्दकोश पाहावा. काम १८८३ साली सुरू झालं आणि २०२३ साली शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलं. मध्ये एकशे चाळीस वर्षं गेली. पहिल्या अक्षराचा भाग १८९३ मधला, त्यामुळे त्यात ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच नाही. तो भाषेत आला तोवर छापखान्यातली अक्षरं पुढे सरकली होती. आता काय करायचं? अर्थातच पुन्हा पहिल्यापासून. समितीवर एवढी श्रद्धा असलेला दुसरा समाज दाखवा.

आणि आता आपण त्या अर्ध्या भाषेकडे येतो. नॉर्वे काही शतकं डेन्मार्कच्या ताब्यात होता. सुधारणेच्या काळात स्वीडननं १५४१ साली स्वतःचं बायबल छापलं, डेन्मार्कनं १५५० साली. नॉर्वेला मिळालं ते डॅनिश बायबल. बोलायचं आपल्या दरीतल्या बोलीत, प्रार्थना आणि अर्ज मात्र डॅनिशमध्ये, असा कारभार चालू राहिला. १८१४ साली डेन्मार्क गेला आणि स्वीडनच्या राजाशी मोट बांधली गेली. देशाला स्वतःचं संविधान मिळालं, पण ते लिहिलं कोणत्या भाषेत? डॅनिशमध्येच.

मग दोन माणसं उभी राहिली. क्नूद क्नूदसेन हे शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, डॅनिशच ठेवा, पण शहरातले सुशिक्षित बोलतात तसं स्पेलिंग हळूहळू बदला. दुसरा ईवार ओसेन, पश्चिम किनाऱ्यावरचा शेतकऱ्याचा मुलगा, स्वतःच शिकलेला. तो १८४२ पासून चार वर्षं गावोगाव, दऱ्याखोऱ्यांतून बोली गोळा करत हिंडला आणि १८४८ साली व्याकरण, १८५० साली शब्दकोश घेऊन हजर झाला. म्हणाला, नॉर्वेची खरी भाषा ही, खेड्यापाड्यांतली. १८८५ साली संसदेनं वाद कसा सोडवला? दोन्हींना समान दर्जा दिला. एका भाषेचं आज नाव बूकमोल, दुसरीचं नीनोर्स्क. जवळपास नऊ दशांश जनता पहिली लिहिते, उरलेली दुसरी, आणि शाळेत प्रत्येक पोराला दोन्ही लिहाव्या लागतात. पासपोर्टावर देशाचं नाव दोन स्पेलिंगांत छापलेलं असतं, म्हणजे सीमेवर कुणाचंही मन दुखायला नको.

या भांडणाचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. हेन्रिक इब्सेन हा शहरी बाजूचा. ओसेनच्या चाहत्यांची टर उडवायची संधी त्यानं सोडली नाही. १८६७ च्या ‘पीअर ग्युंट’ नाटकात कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यानं हूहू नावाचा भाषासुधारक बसवला आहे. हा हूहू ओरांगउटानांची आद्य, शुद्ध भाषा परत आणायला निघालेला. आणि मूळचा कुठला? मलबार किनाऱ्याचा! गोव्यावरून दक्षिणेकडे गेलं की आलंच. इब्सेन इकडे कधी आला नव्हता. पण शुद्ध भाषेच्या वेडाला पत्ता द्यायची वेळ आली तेव्हा त्याला आपलाच किनारा आठवला, याचा अभिमान बाळगावा की नोटीस पाठवावी हे ठरत नाही. नियतीनं मात्र हिशेब चुकता केला : १९४८ साली हेच नाटक ओस्लोच्या रंगभूमीवर नीनोर्स्कमध्ये झालं.

विसाव्या शतकात नॉर्वेच्या सरकारला वाटलं, दोन्ही भाषा थोड्या थोड्या बदलत नेल्या तर एक दिवस एक होतील. १९०७, १९१७, १९३८ अशा शुद्धलेखनाच्या सुधारणांच्या लाटा आल्या. १९५०च्या दशकात ओस्लोचे पालक चिडले आणि पेन घेऊन मुलांच्या पाठ्यपुस्तकांतली ‘गावंढळ’ रूपं स्वतः खोडून ‘दुरुस्त’ करू लागले. त्याच काळात एका हवामानतज्ज्ञाचा नभोवाणीशी खटका उडाला, कारण बर्फाला तो नव्या नियमानं सांगितलेला शब्द वापरेना, जुनाच धरून बसला. नॉर्वेत! जिथे बर्फ म्हटल्यावर खिडकीकडे बोट दाखवलं तरी पुरतं. अखेर २००२ साली सरकारनं एकीकरणाचा नाद अधिकृतपणे सोडला. शाळकरी पोरांनी मात्र नीनोर्स्कच्या शब्दयादीचं नाव एकेक अक्षर इकडेतिकडे करून ‘ओकनोर्स्कची खूनयादी’ असं करून ठेवलं आहे. आणि मग २०२३ साली साहित्याचं नोबेल मिळालं यून फोस्से यांना. ते लिहितात नीनोर्स्कमध्ये. तेव्हापासून त्या यादीकडे पोरं जरा सांभाळून बघत असावीत.

पण नॉर्वेतली मला खरी हेवा वाटायला लावणारी गोष्ट लिहिण्यातली नाही, बोलण्यातली आहे. तिथे बोलण्याची प्रमाण भाषा अशी कायद्यानं ठरवलेलीच नाही. १८७८ साली संसदेनं ठरवलं, की वर्गात मुलांची स्वतःची बोली चालावी. पुढे हा नियम पक्का झाला : मुलाची बोली सुधारायला जाऊ नका, मास्तरांनीच जुळवून घ्यावं. ‘मी’ या एका शब्दाला यै, एग, ए, अ‍ॅ अशी अर्धा डझनाहून जास्त रूपं, आणि मंत्री संसदेत आपापल्या खोऱ्यातल्या ‘मी’नं भाषण करतात. आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गासमोर उभं करून ‘पाणी’ घोकवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. त्यांतल्या काहींना निवृत्तीनंतर नॉर्वेला पाठवलं असतं, तर त्यांचा पहिल्याच तासाला रक्तदाब वाढला असता.

आइसलँडनं तिसरीच वाट धरली : काहीच बदलायचं नाही. चार लाखांच्या आतली वस्ती, पण तेराव्या शतकातल्या सागा आजची मुलं थोड्या आधाराने वाचतात. त्याच शतकातली, १२९० ची ज्ञानेश्वरी आपण टीकेशिवाय वाचायला बसलो की दुसऱ्या ओवीला चहा करायला उठतो. बाहेरचा शब्द त्यांना खपत नाही. संगणकासाठी त्यांनी १९६५ साली ‘आकडा’ आणि ‘भविष्य सांगणारी बाई’ यांना जोडून ‘तोल्वा’ हा शब्द घडवला आणि लोक तो खरोखर वापरतात. आपणही दूरध्वनी घडवला होता. तो वाजला की आपण फोन उचलतो.

एवढी सगळी जपणूक झाल्यावर हे शेजारी एकमेकांशी बोलतात कसे? २०११ मध्ये आलेल्या ‘द ब्रिज’ या मालिकेत माल्मोची पोलीस अधिकारी स्वीडिश बोलते, कोपनहेगनचा अधिकारी डॅनिश, आणि दोघांना एकमेकांचं शब्दन्‌शब्द कळतं. पुलाच्या मधोमध सापडलेल्या प्रेतापेक्षा हीच गोष्ट अनेक प्रेक्षकांना अविश्वसनीय वाटली. वास्तवात नॉर्वेजियन माणूस न्याहारीला जो शब्द वापरतो तोच डॅनिशमध्ये दुपारचं जेवण. आमंत्रण स्वीकारून सकाळी आठला पोचणाऱ्यानं चार तास बागेत काढावेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शेजाऱ्यांची भाषा सर्वात चांगली समजणारे निघाले फेरो बेटांवरचे लोक, त्यांच्यामागून नॉर्वेजियन. फेरोवाल्यांना पर्याय नसतो. शाळेत डॅनिश शिकावीच लागते. नॉर्वेजियनांना लहानपणापासून शंभर तऱ्हेच्या बोली ऐकायची सवय. एक तऱ्हा आणखी आली तर काय बिघडलं? स्टॉकहोम आणि कोपनहेगनच्या लोकांचा कान त्या मानानं मंद निघाला. राजधानीत राहणाऱ्याला दुसऱ्याचं समजून घ्यायची पाळीच कमी येते. हा नियम मला तरी फक्त उत्तर युरोपापुरता वाटत नाही.

बरं, मैत्रीची नीयत साफ आहे. १९८७ पासून लागू असलेल्या करारानं नॉर्डिक देशांच्या नागरिकाला शेजारच्या देशातल्या कचेरीत आपली भाषा वापरायची मुभा आहे. तरी हल्ली कोपनहेगनचा तरुण स्टॉकहोमच्या तरुणीशी बोलायला बसला की दुसऱ्या मिनिटाला दोघं इंग्रजीवर येतात. टीव्हीवर परदेशी चित्रपट डब न करता खाली अक्षरं देण्याची त्यांची रीत, त्यामुळे इंग्रजी कानात लहानपणीच मुरलेली. राहिली शेजारधर्मातली खोडी, तर तिला निमित्त लागत नाही. २००८ साली एका डॅनिश अभ्यासकाच्या लक्षात आलं, की स्वीडनची आयकिया कंपनी सोफ्यांना स्वीडिश गावांची नावं देते, पलंगांना नॉर्वेतल्या गावांची, आणि डॅनिश गावांची नावं मात्र ठेवते गालिचांना आणि पायपुसण्यांना. हा स्वीडिश साम्राज्यवाद आहे, असं तो म्हणाला. कंपनीनं योगायोग असल्याचं सांगितलं. तुर्भ्याच्या दुकानात कधी गेलात तर पाय पुसण्याआधी लेबल वाचा. तुम्ही कुणाच्या तरी तालुक्यावर उभे असाल.

मला कुणी विचारलं, यांतली एकच शिकायची तर कोणती, तर मी नॉर्वेजियन सांगेन. ती लिहिली डॅनिशसारखी जाते आणि ऐकू येते स्वीडिशसारखी, त्यामुळे एका फीमध्ये तीन दारं उघडतात. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. नॉर्वेत सरकारी कचेरीला तुम्ही दोन्हींपैकी ज्या रूपात पत्र लिहाल, त्याच रूपात उत्तर देणं तिला कायद्यानं बंधनकारक आहे. नीनोर्स्कमध्ये तक्रार केली तर नीनोर्स्कमध्येच नकार येणार. आपल्या कचेऱ्यांनी ‘उपरोक्त विषयान्वये’ पासून ‘सबब’ पर्यंत हव्या त्या भाषेत लिहावं, मोडीत लिहिलं तरी माझी हरकत नाही. फक्त लिहावं.